आपणबाई

माझ्या थोरल्या बहिणीला सगळी शाळा आपणबाई म्हणते. तोंडावर नाही हां. तोंडावर नुसतं "बाई". पण मधल्या सुट्टीत पोरं माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात, तेव्हा मी कितीदा ऐकलंय, "पळा, आपणबाई आली!" तिलाही ते माहीत आहे. मला एकदा म्हणाली, "माझ्या खऱ्या नावापेक्षा बरं आहे." आता यावर माणसानं काय बोलावं?

माझं दुकान म्हणजे एक खोली, एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि बरोबर समोर शाळेचं फाटक. शाळेचे गणवेश मी शिवते, उसवलेले नीट करते, वाढत्या पोरांच्या पँटच्या दुमडी सोडून देते. वरच्या मजल्यावर ताई राहते, मुलगा, सून आणि नात यांच्याबरोबर. मी दुकानाच्या मागच्या खोलीत. लग्नबिग्न केलं नाही. कोणी विचारलं नाही, आणि आता कोणी विचारायला आला तर मीच त्याला कात्री दाखवीन. हे सांगायचं कारण इतकंच, की घरातलं सगळं मला जिन्यातून ऐकू येतं आणि शाळेतलं सगळं दारातून दिसतं. ऐकू येतं तेही एकाच कानानं. डावा कान माझा लहानपणीच गेला. त्याची गोष्ट पुढे येईलच, कारण या सगळ्या भानगडीचं मूळ त्या कानात आहे.

तर ताई शाळेत आपल्या भाषेचा वर्ग घ्यायची. आपल्या म्हणतेय, कारण तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्हीही आपल्यातलेच. या शहराची भाषा दुसरी. कचेरीत ती, दवाखान्यात ती, बसच्या पाटीवर ती. आपली भाषा स्वयंपाकघरात, जिन्यात आणि भांडणात. आणि ताईच्या वर्गात.

ताई नोकरीला लागली तेव्हा पहिल्या तीन इयत्ता आपल्या पोरांना सगळंच आपल्या भाषेत शिकवायचे. बेरीज-वजाबाकी, झाडं, पाऊस, नकाशा, सगळं. मोठी भाषा हळूहळू जोडीला यायची. मग कोणीतरी वरून ठरवलं, गणित नको, गणित मोठ्या भाषेतच बरं. मग झाडं गेली. मग नकाशा गेला. उरला एक तास, तो पण आधी सकाळचा होता, मग दुपारचा झाला, मग सगळ्यात शेवटचा, पोरं जांभया देत असतात त्या वेळेचा. खोली पण तशीच सरकत गेली. समोरच्या उजेडाच्या वर्गातून जिन्याशेजारी, तिथून मागच्या बाजूला, जिथे खेळाच्या चटया आणि फुटके बाक ठेवतात. ताई प्रत्येक वेळी खडू, डस्टर आणि पुस्तकं उचलून नव्या खोलीत गेली. एकदाही आरडाओरडा केला नाही. मी असते तर मुख्याध्यापकांच्या टेबलावर चढले असते.

बरं, हे सगळं कायद्यानं चाललेलं, बरं का. कायदा आपल्या बाजूनं आहे, छापून ठेवलेला आहे. पुरेशा पालकांनी मागितला तर शाळेला आपल्या भाषेचा वर्ग द्यावाच लागतो. दर वर्षी नव्यानं मागायचा. म्हणजे दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ताई घरोघर फिरणार, जिने चढणार, "वर्ग मागा हो" म्हणून सांगणार. हक्क म्हणे! दर वर्षी पदर पसरून मागावा लागतो तो कसला हक्क, जळला मेला!

आता ते आपणबाईचं. मोठ्या भाषेत "आम्ही" आणि "आपण" या दोन्हींना मिळून एकच शब्द आहे. आपल्याला यात काय विशेष ते कळत नाही, कारण आपण जन्मल्यापासून बोलतो. पण जे पोर दिवसभर मोठ्या भाषेत शिकतं, त्याच्या डोक्यात या दोन शब्दांचा काला होतो. ते सगळीकडे "आम्ही" लावत सुटतं. मित्राला म्हणतं, "चल, आम्ही खेळू." मित्र बिचारा तिथेच उभा. ताई अशा वेळी एकच प्रश्न विचारायची, "त्याला धरून की त्याला सोडून?" धरून असेल तर आपण, सोडून असेल तर आम्ही. वर्गात, आवारात, माझ्या दुकानाच्या पायरीवर, कुठेही कोणी चुकलं की ही मागून यायचीच, "धरून की सोडून?" पोरांनी नाव ठेवलं त्यात काही चूक नाही.

आणि पुस्तक! शिक्षण खात्यानं मोठ्या मनानं एकदाचं आपल्या भाषेतलं पुस्तक छापलं. मोठ्या भाषेतून उतरवलेलं. कोणी उतरवलं देव जाणे. पहिल्याच धड्यात आई ताटं मांडते आणि मुलाला हाक मारते, "ये बाळा, आम्ही जेवू." म्हणजे बाळानं यायचं आणि समोर बसून आईबापांचं जेवण बघायचं! मी हसून हसून मशीनवर डोकं ठेवलं. ताई हसली नाही. तिनं सगळी पुस्तकं माझ्या कापायच्या टेबलावर रचली आणि लाल पेन घेऊन एकेका पुस्तकातला "आम्ही" खोडून वर "आपण" लिहीत बसली. पानांमागून पानं. खात्याला कळवलं तर उत्तर आलं, की अर्थ समजतो आहे.

मुख्याध्यापक मात्र माणूस वाईट नाही. मोठ्या भाषेचा, पण ताईचा मान ठेवणारा. आपल्या भाषेतलं एक वाक्य त्यानं हौसेनं पाठ केलंय आणि ताई दिसली की म्हणतो, "बाई, आम्ही चहा घेऊ!" ताई म्हणते, "घ्या की सर, मी निघते." त्याला वाटतं, बाई फार भिडस्त आहेत.

आता कान. मी पहिलीत होते, ताई चौथीत. तेव्हा आपल्या भाषेचा वर्गबिर्ग काही नव्हता. माझा कान ठणकायला लागला. मोठ्या भाषेत कान म्हणजे काय, दुखतो म्हणजे काय, मला काही येत नव्हतं. मी दोन्ही हातांनी कान दाबून बसले. मास्तरांना वाटलं, पोरगी उर्मट आहे, माझं ऐकायचं नाही म्हणून कान झाकते. हात काढ म्हणाले. मी काढेना. बाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी कानातून पू वाहायला लागला तेव्हा कोणीतरी ताईला तिच्या वर्गातून बोलावलं. तिनं मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, हिचा कान दुखतो. मास्तर घाबरले, मनापासून घाबरले. म्हणाले, "अरे, मग तिनं तसं सांगायचं ना!"

ताई हे वाक्य कधी विसरली नाही. बाई व्हायचं तिनं तेव्हाच ठरवलं असं ती म्हणते. मी काही ठरवलं बिरवलं नाही, मी नुसती बहिरी झाले.

ताईचा मुलगा आईच्याच वर्गात शिकला. हुशार. आपण-आम्ही त्यानं आयुष्यात कधी चुकवलं नाही. ताई इतरांना सांगायची, "माझं एक वाक्य चुकेल, त्याचं नाही." मग मोठा झाला, मुलाखतीला गेला. तिथे त्यानं मोठ्या भाषेतला एक शब्द आपल्या वळणानं उच्चारला. साधा शब्द, "पगार" अशा अर्थाचा. समोरचे तिघे हसले, आणि त्याला पुन्हा म्हणायला लावला. पुन्हा हसले. नोकरी लागली नंतर, दुसरीकडे, विमा कंपनीत. पण तो किस्सा त्याच्या आधी तिथे जाऊन पोचला. आजही कचेरीत त्याला त्या शब्दानंच हाक मारतात. मजेत, म्हणतात. तोही हसतो. घरी आला की टाय काढून इतक्या जोरात खुर्चीवर फेकतो, की मला खाली आवाज येतो.

सून मोठ्या भाषेची. गुणी पोरगी, खोटं कशाला बोलू? लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात सासूची भाषा बोलायला लागली. एका संध्याकाळी ताईच्या खोलीत डोकावून गोड आवाजात म्हणाली, "आई, आम्ही जेवू." ताई म्हणाली, "जेवा, जेवा." आणि बसून राहिली उपाशी. तिकडे सून ताटं वाढून सासूची वाट बघतेय, इकडे सासू खोलीत डोळे पुसतेय, की आल्या आल्या हिनं मला वेगळं काढलं! अन्न गार झालं तेव्हा मी वर गेले आणि निस्तरलं. सगळ्या शहरात ही चूक फक्त आमच्याच घरात होऊ शकते. ताईला नंतर इतकी लाज वाटली, की सुनेला तिनं कधी दुरुस्त केलं नाही. जगाला केलं, तिला नाही. सून अजून "आम्ही"च म्हणते.

तर यंदा नात पहिलीत जायची होती, आणि ताईचा वर्ग टांगणीला लागला होता. शाळेनं सांगून टाकलं, या वेळी पुरेसे पालक आले नाहीत तर वर्ग कायमचा बंद. ताई नेहमीप्रमाणे घरोघर फिरायला लागली. मी सोबत जायचे, कारण तिचे गुडघे आता तिचं ऐकत नाहीत. टॅक्सीवाल्याकडे गेलो, भाजीवालीकडे गेलो, इमारतींना रंग देणाऱ्याकडे गेलो. सगळे आपलेच. सगळ्यांनी बसायला दिलं, पाणी दिलं, गुडघ्यांची चौकशी केली. आणि प्रत्येक घरात, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, एकच प्रश्न, "बाई, तुमची नात कुठल्या वर्गात?"

भाजीवाली तर स्पष्टच म्हणाली, "तुमची नात असेल तर माझी दोन्ही पोरं घ्या. तुमच्या घरात जे नको असेल ते माझ्या घरात कशाला?"

काय चुकीचं बोलली? उतरताना ताई जिन्यात थांबली, कठड्याला धरून. मी विचारलं, दुखतंय का. म्हणाली, "गुडघा नाही."

त्या संध्याकाळी मी वर जेवायला होते. ताईनं विषय काढला. मुलगा घास खाली ठेवून म्हणाला, "आई, हा विषय निघणार हे मी धरूनच चाललो होतो."

"एक तास आहे रे. फक्त शेवटचा तास. बाकी दिवसभर मोठीच भाषा."

"शेवटचा तास," तो म्हणाला. "त्या तासाला बाकीची मुलं पोहायला जातात, चित्रं काढतात. आणि आपली पोरं दप्तर उचलून सगळ्यांच्या देखत मागच्या खोलीत जातात. कोण मागे जातं ते सगळे बघतात. मी गेलोय आई, तीन वर्षं. तू फळ्याकडे तोंड करून असायचीस, तुला नाही दिसलं."

ताई म्हणाली, "तुझ्या मावशीचा कान आठव."

"आठवतो. कान कशानं गेला?"

"शाळेला आपली भाषा येत नव्हती म्हणून."

"नाही. मावशीला शाळेची भाषा येत नव्हती म्हणून."

कान माझा, बरं का. मी तिथेच बसलेय, तोंडात घास. पण मला कोणी विचारेल तर शपथ. आणि खरं सांगते, विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं मला अजून सुचलेलं नाही. दोघांचंही खरं होतं. कान मात्र एकच गेला.

सून मध्येच हळू म्हणाली, "आई, मला चालेल. एक तास." मुलानं तिच्याकडे पाहिलं. ती ताटं उचलायला उठली. मग तो आईला म्हणाला, "बघतो."

आपल्याकडे "बघतो" म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. पण ताईनं त्याचा "हो" करून घेतला. दुसऱ्या दिवशी भाजीवालीला जाऊन सांगून आली, की बहुतेक होईल. टॅक्सीवाल्याला सांगितलं. रंगवाल्याला सांगितलं. मी म्हटलं, ताई, थांब जरा. तर मलाच म्हणाली, "तुझा नेहमी नन्नाचा पाढा."

पालकांची सभा शनिवारी सकाळी, त्याच मागच्या खोलीत. ताईनं मी शिवलेला करडा कोट घातला, ठेवणीतला. मी कोणाची पालक नाही, पण गेले. मोठमोठी माणसं पहिलीच्या बाकांत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. चटयांचा कुबट वास येत होता. मी नेहमीप्रमाणे उजवा कान पुढे करून बसले. मुलगा आणि सून शेवटून दुसऱ्या बाकावर. त्यांना आलेलं पाहून भाजीवालीनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे जमलं. मला पण वाटलं, जमलं. खरंच वाटलं.

मुख्याध्यापकांनी मोठ्या भाषेत नियम सांगितला, की ज्यांना वर्ग हवा त्यांनी हात वर करायचे, मोजून लगेच निर्णय. मग त्यांना वाटलं असेल, प्रसंग या लोकांचा आहे, दोन शब्द त्यांच्या भाषेत बोलावेत. छाती फुगवून म्हणाले, "आता, आम्ही हात वर करू!"

सगळे त्यांच्या हाताकडे बघत बसले. त्यांचा हात काही वर जाईना. आधी टॅक्सीवाला फुसकन हसला, मग भाजीवाली, मग सगळी खोली. बिचाऱ्यांना कळेना काय झालं. ताई पण हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला पोट धरून हसताना पाहिलं. हसता हसताच म्हणाली, "आपण, सर. आपण."

हशा विरला. हात वर व्हायला लागणार, पण होईनात. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ताईच्या मुलाकडे. भाजीवालीचा हात खांद्यापर्यंत येऊन थांबलेला.

मुलगा उठून उभा राहिला. तो बाक इतका लहान, की त्याला वाकडं होऊन उभं राहावं लागलं. तो मोठ्या भाषेत बोलू शकला असता. मुख्याध्यापकांना सांगून मोकळा झाला असता, आईकडे न बघता. पण तो आईकडेच बघत आपल्या भाषेत बोलला.

"आई," तो म्हणाला, "आम्ही ठरवलंय. तिला नाही घालणार."

मला वाटलं, कानानं दगा दिला. पण उजवाच कान पुढे होता. सुनेनं मान खाली घातलेली. भाजीवालीचा हात तिथल्या तिथे केस सारखे करायला गेला. टॅक्सीवाला खिडकीबाहेर बघायला लागला.

मी ताईकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. सवयीनं हलले, त्या शब्दावर ते हलतातच. ती काहीतरी म्हणणार होती आणि थांबली, कारण वाक्य बरोबर होतं. आई सोडून. जसं तिनं शिकवलं तसं, तिच्याच वर्गात, तिच्या सगळ्यात हुशार मुलानं.

"बरं," ती म्हणाली.

मुख्याध्यापकांना शब्द कळले नसतील, पण खोली कळली. त्यांनी हात मोजले नाहीत.

मी त्या पोराला दुकानात घेणार नव्हते. संध्याकाळी आला तसाच, न विचारता स्टुलावर बसला. कोटाचं बटण सैल झालंय म्हणाला. काही सैल झालं नव्हतं. मी मशीन चालवत राहिले.

"मावशी, मी चुकलो का?"

"चुकलास," मी म्हटलं. "घरी सांगायचं होतंस. चारचौघांत आईच्या तोंडात मारलीस."

"घरी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. "बघतो"चा "हो" करणारी बाई ती.

"मला माझी मुलगी मागच्या खोलीत जाताना बघवणार नाही, मावशी. नाही बघवणार." आता याला रागवायचं की जवळ घ्यायचं? मी बटण तोडलं आणि पुन्हा घट्ट शिवून दिलं. दुसरं काही मला येत नाही.

शाळेनं ताईला काढलं नाही. तशी सोय आहे म्हणे नियमात, उरलेली दोन-तीन वर्षं दुसरं काम द्यायचं. जेवणाच्या सुट्टीत रांगेवर देखरेख. पोरांनी ढकलाढकल करू नये, सांडू नये, मोठ्यानं बोलू नये. आपल्या भाषेत तर नाहीच. म्हणजे असं कोणी लिहून दिलेलं नाही, पण आता बोलायला कोण आहे? कधी एखादं नवं पोर रांगेत रडतं आणि त्याला काय होतंय ते कोणाला समजत नाही. ते आपल्यातलं असलं तर ताई खाली वाकते आणि हळूच विचारते. तेवढ्यापुरतं. मी फाटकातून बघते. सरळ व्हायला तिला वेळ लागतो.

लाल पेननं सुधारलेली पुस्तकं माझ्या टेबलाखाली आहेत. पाय ठेवायला उपयोगी पडतात असं मी म्हणते, पण ठेवत नाही.

घरात भांडण नाही. उलट सगळे एकमेकांशी इतकं जपून बोलतात, की त्यापेक्षा भांडण परवडलं. ताई दुपारी खाली येऊन माझ्या खुर्चीवर बसते, गणवेशांचे सुटे धागे ओढून काढते. पायरीवरची पोरं आता बिनधास्त चुकतात. "चल, आम्ही पळू." "चल, आम्ही घरी जाऊ." ती मान वर करत नाही. मला तिच्या या गप्प बसण्याचा फार राग येतो. एकदा मीच ओरडले पायरीवर, "अरे, त्याला धरून की सोडून?" पोरं माझ्याकडे बघून पळाली. ताई म्हणाली, "राहू दे गं. समजतो आहे अर्थ."

खात्याचं वाक्य. माझ्या बहिणीच्या तोंडी. हातातली सुई मला टोचली.

आणि मग मागच्या रविवारचं. नातीला पहिलीत जाऊन काही दिवस झालेत. दिवसभर मोठी भाषा, घरी आईची "आम्ही" भाषा, त्यामुळे आता तिचाही काला पक्का झालाय. ताई खुर्चीवर बसलेली, मांडीवर कुणाचा तरी सदरा. जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली आणि पोरगी दुकानात आली, पायात बूट, एका बुटाची नाडी सुटलेली.

"आजी," ती म्हणाली, "आम्ही बागेत जाऊ या!"

ताईचा हात सदऱ्यावर थांबला. ती नातीकडे बघत राहिली. मी वाट बघितली, की आता म्हणेल, आत्ता म्हणेल. तिनं तोंड उघडलंच नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती नुसती बसली होती. तिला कळतच नव्हतं, हे बोलावणं आहे की निरोप. आयुष्यभर जिनं जगाला हे विचारलं, तिला आज विचारायची भीती वाटत होती. मला राहवेना. काही झालं तरी मी तिचीच बहीण.

"अगं ए," मी पोरीला म्हटलं, "आम्ही कोण? नीट सांग. आजीला धरून की आजीला सोडून?"

पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच भाषा येत नाही. तिचा तो वर्ग कधी झालाच नाही, तिला या प्रश्नाचा अर्थ काय माहीत? तिनं खाली आपल्या मुठीकडे पाहिलं. आल्या आल्याच तिनं आजीची दोन बोटं पकडली होती.

"सोडलंय कुठे?" ती म्हणाली, आणि ती मूठ मला वर करून दाखवली.

खुर्चीतून उठायला ताईला हल्ली दोन्ही हात टेकावे लागतात. एकच मोकळा होता. तेवढ्यावर ती उठली.